तीन पॉइंट पावणेदोनशे

मामा,

परवा रविवारी नांदेडहून एक माणूस मशीन बघायला येणार आहे. जुनी मशीनं विकत घेतो, रंग मारून पुढं विकतो. तुमच्या मल्लिनाथनंच त्याला बोलावलंय. मला विचारलं नाही, असं मी म्हणणार नाही. "शेडचं काय करायचं गं?" असं जेवताना विचारलं होतं, आणि मी भाकरी मोडत गप्प बसले. मी गप्प बसले की तुमचा मुलगा त्याला होकार समजतो. तुम्ही मात्र मी गप्प बसले की हातातलं काम खाली ठेवून विचारायचात, "काय चुकलं गं माझं?"

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. शिवगणाराधना झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मोठी पातेली परत माळ्यावर चढली. लोक येऊन तुमच्याबद्दल बोलून गेले. कुणी म्हणालं देवमाणूस, कुणी म्हणालं, आप्पा कधी कुणाला उलट बोलले नाहीत. मी चहा देता देता ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. उलट बोलले नाहीत? तुमच्या सुनेशी तर तुम्ही एका सुतावरून पाच वर्षं भांडलात. ते भांडण मिटायच्या आत उठून गेलात. रडून झालं, मामा, पण त्याचा राग काही जात नाही.

आपलं सूत जमलं तेही एका चुकीवरून, आणि ती चूक तुमची होती. लग्नाला सहा महिने झाले होते. मल्लिनाथ नोकरीला नांदेडला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा. मी निलंग्याची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, आणि तो डिप्लोमा ट्रंकेत लग्नातल्या साड्यांखाली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायचा तुमचा सहा फुटी लेथ दिवसभर घरघरायचा. डाळ मिलचे शाफ्ट, बुश, पुली, जे झिजेल ते लातूरच्या मिलवाले तुमच्याकडं पाठवायचे. माझं काम एवढंच की अकरा वाजता चहा नेऊन द्यायचा.

त्या दिवशी चहा ठेवला आणि पाय निघेना. तुम्ही एका शाफ्टचं तोंड सपाट करत होता आणि मधोमध एक बारीक बोंड राहत होतं. तुम्ही परत कट मारला, बोंड परत राहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, टूल सेंटरच्या खाली आहे."

तुम्ही मशीन बंद केलं. चष्मा कपाळावर चढवला.

"कोण म्हणलं?"

"मी."

"तुला काय ठाव?"

"बोंड राहतंय न मध्ये. मग टूल खालीच असणार."

तुम्ही कातणाऱ्या टूलखाली पत्र्याची एक पट्टी सरकवली आणि कट मारला. तोंड एकदम सपाट झालं. मग तुम्ही सावकाश चहा प्यायलात, रिकामा कप माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "उद्यापासून चहा तुझ्या आत्याला आणू दे. तू रिकाम्या हातानं ये." आत्या पुढं वर्षभर म्हणत होत्या, सून आणली का फिटर आणला. तेव्हा मला वाटलं, तुमचं लक्ष नसेल म्हणून टूल खाली राहिलं. तुमची नजर जायला लागली होती, हे मला फार उशिरा कळलं.

सूत मला तुम्हीच शिकवलंत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. तुमचं सगळं जग सुतात होतं. दाराची फळी किती जाड? चार सूत. आत्यांची भाकरी? "एक सूत. कुठं बी मोजा, एकच सूत भरती." डिप्लोमात आम्ही सगळं मिलिमीटरमध्ये केलेलं. त्यामुळं आपली भाषा वेगळी होती, आणि एक दिवस ती चांगलीच अंगावर आली.

तुरीचा हंगाम होता, मिल रात्रंदिवस चालू होत्या. मिलचे फिटर रहीमभाई, तुमचे चाळीस वर्षांचे दोस्त, गनमेटलचा एक बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणारं नळकांडं, करून घ्यायला आले. तुम्ही मला शाफ्टचं माप दिलंत आणि म्हणालात, "भिंत चारी अंगानं एक सूत ठेव."

"सूत म्हणजे किती एमएम, मामा?"

तुम्ही ग्राइंडरवर टूलला धार लावत होता. मान न वळवता म्हणालात, "तीन धर."

मी तीन धरले. पहिला पूर्ण माझ्या हातचा बुश, दिसायलाही देखणा झाला होता. मी तो पदरानं पुसून रहीमभाईंच्या हातात दिला. तासाभरात ते परत आले. ज्या भोकात तो ठोकून गच्च बसायला हवा होता, त्यातून तो आरपार खाली पडला होता. रहीमभाईंनी तो करंगळीत अडकवून दाखवला. "आप्पा, ये बुश है या छल्ला?"

मी कॅलक्युलेटर घेतलं. पंचवीस पॉइंट चार भागिले आठ.

"मामा, सूत म्हणजे तीन नाही. तीन पॉइंट एकशे पंचाहत्तर. दोन्हीकडचं मिळून पॉइंट पस्तीस कमी पडलं."

"तीन पॉइंट किती?"

"एकशे पंचाहत्तर."

"पावणेदोनशे म्हण की सरळ! अन् आख्ख्या लातुरात सूत म्हंजे तीनच हाय. माझ्या वस्तादानं मला तीन सांगितलं, मी तुला तीन सांगितलं."

"म्हणूनच बुश पडला."

"मी तीन धर म्हणलं. तीन हाय म्हणलं का? अन् धरायचं ते हातात धरायचं असतंय, कागदावर न्हाई."

चूक तुमची का माझी, हे त्या दिवसापासून ठरलं नाही ते नाहीच. ठरलं ते एकच, माझं नाव. "काय पावणेदोनशे, आज उशीर?" "पावणेदोनशे, ती कानस दे इकडं." एकदा तुम्ही शेडमधून मोठ्यानं हाक मारलीत आणि आत्या ओल्या हातांनी धावत आल्या, "कोण पाव्हणे? दोनशे? अन् मला आत्ता सांगायलाव?" तुम्ही स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. आत्या फणकाऱ्यानं आत गेल्या आणि त्या दिवशी आपल्या दोघांनाही चहा मिळाला नाही.

मग डोळे. मोतीबिंदू काढला, पण उजव्या डोळ्याचा आतला पडदाच थकला होता आणि त्याला इलाज नव्हता. लेथच्या हँडलवर गोल कडी असते, तिच्यावरच्या केसासारख्या रेघा मोजून टूल किती आत गेलं ते कळतं. त्या रेघा तुम्हाला दिसेनात. पण कबूल कराल तर ते तुम्ही कसले? तेव्हा माझं खरं नाव आठवायचं. "भाग्या, बघ गं जरा किती रेघा झाल्या, ऊन डोळ्यावर यायलंय." शेडला खिडकीच नव्हती, मामा. ऊन येणार कुठून?

मी तुम्हाला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मशीनच्या आडव्या सरकणीला एक काचेची पट्टी लावायची, लांबीला दुसरी, आणि टूल जितकं सरकेल तितका आकडा समोरच्या डिस्प्लेवर येतो, बोटाएवढ्या ठसठशीत अक्षरांत. रेघा मोजायचं कामच नाही. तुम्ही पूर्ण बघितलंत आणि मोबाइल परत दिलात.

"आकडे बघून काम करायला मी टर्नर हाय का कारकून? माझ्या मशीनला टीव्ही न्हाई लागत."

मीही भडकले. म्हणाले, "मग मला रेघा मोजायला हाक मारू नका." दोन दिवस आपण एकमेकांशी आत्यांमार्फत बोललो. "त्यांना सांगा जेवायला वाढलंय." "तिला सांग भूक न्हाई." आत्या मधल्या मधे बेजार.

तिसऱ्या दिवशी रहीमभाई आले. हातात एक शाफ्ट होता. तो उंबऱ्याशी टेकवून ठेवला, चहा घेतला, तुरीच्या भावाचं आणि उन्हाचं बोलले आणि उठून गेले. चाळीस वर्षांत तुमच्या हातचं काम पहिल्यांदाच परत आलं होतं. तुम्ही त्या शाफ्टवरून अंगठा फिरवलात, एका जागी थांबलात, परत फिरवलात. "जास्त गेलंय," एवढंच म्हणालात. मला वाटलं, आता तुम्ही शेडला कुलूप लावणार. तुम्ही माझ्याकडं वळलात आणि म्हणालात, "मागव तुझा टीव्ही."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. त्या क्षणी मला तुमचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या बापाचाही कधी वाटला नव्हता. ज्याच्या हाताची मिलवाल्यांत एवढी इज्जत, तो सत्तरीतला माणूस स्वतःच्या सुनेसमोर हार मानतो, आणि हार मानून रडत बसत नाही, तर नवं शिकायला तयार होतो. मी मान खाली घालून ऑर्डर टाकत होते, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

खोकं आलं तेव्हा शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. "टीव्ही घेतला का आप्पा? किती इंची?" तुम्ही म्हणालात, "सुतात सांगू का?"

सोबत आलेल्या पट्ट्या आणि आधार आपल्या मशीनला एकही बसेना. मी इंग्रजी कागद मोठ्यानं वाचत होते आणि तुम्ही अजिबात ऐकत नव्हता. "ह्या लोकांनी आपलं मशीन बघितलंच न्हाई," म्हणालात आणि मिलच्या मोडक्या चाळणीची लोखंडी पट्टी शोधून काढलीत. तीन दिवस कानस चालवून तुम्ही तिचे आधार घडवलेत. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून दर चार हातांनी बोट फिरवून बघायचात. आजही त्यांची एक कड दुसरीपेक्षा ओळखू येत नाही.

मग भोकं पाडायची वेळ आली. मशीनच्या बिडाच्या अंगात चार भोकं. त्या मशीनची तुम्ही दर खंडेनवमीला पूजा केलेली, त्याला कुणी टेकून उभं राहिलेलंही तुम्हाला खपायचं नाही. सकाळची लिंगपूजा करून तुम्ही विभूतीची डबी घेऊनच शेडमध्ये आलात. मशीनला तीन बोटं ओढलीत, अजून बसवलाही नव्हता त्या टीव्हीलाही ओढलीत, आणि ड्रिल माझ्या हातात दिलंत.

"तू पाड."

"मी? तुम्ही असताना?"

"माझ्या हातानं न्हाई व्हायचं. चाळीस वर्सं तेल पाजलंय गं ह्याला."

तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभे राहिलात. प्रत्येक भोकाला विचारायचात, "झालं?" चारही सरळ पडली. भोकांत स्क्रू बसायच्या आट्या मात्र तुम्ही स्वतः पाडल्यात. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, डोळे मिटून. आट्या पाडायला डोळे लागत नाहीत, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, नुसतं दाखवलंत.

काचेची पट्टी मशीनच्या चालीशी जराही तिरकी चालत नाही, नाहीतर आकडा खोटं बोलतो. मी डायलचा काटा लावून तपासत होते. सरकण अजून हलवलीही नव्हती, काटा अलीकडच्याच टोकाला होता, आणि तुम्ही पट्टीवरून बोट नेत म्हणालात, "पलीकडचं टोक वर हाय." मी म्हणाले, थांबा, काट्याला तिथवर जाऊ द्या. काटा तिथवर गेला आणि वर गेला. तुम्ही रिकाम्या तेलाच्या डब्यातून पत्र्याचा तुकडा कापून अलीकडच्या टोकाखाली घातलात. काटा जागच्या जागी थांबला. तुम्ही काट्याकडं बघितलंही नाहीत.

आणि मग तो दिवस. सगळं जोडून झालं, मी बटण दाबून आकडा शून्यावर आणला. तुम्ही मला बाजूला सारलंत.

"सांगू नको काही. मी एक सूत फिरवतो."

तुम्ही डोळे मिटलेत. आधी हँडल मागं घेऊन पुढं आणलंत, जुन्या स्क्रूची सगळी ढिल काढलीत, मला परत शून्य करायला लावलंत. मग बोटं कडीवर ठेवून सावकाश फिरवलंत आणि थांबलात. "झालं. बघ."

डिस्प्लेवर होतं ३.१६०.

"तीन आला?" तुम्ही विचारलंत.

"नाही आला, मामा. तीन पॉइंट एकशे साठ." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी लहान पोरीसारखी ओरडले, "मामा! तुमचं तोंड तीन म्हणतं, पण हात पावणेदोनशे धरून चालतो!"

केसाच्या पाचव्या भागाइतका फरक होता. झिजलेला स्क्रू, जुनं हँडल, एक डोळा गेलेला, दुसरा मिटलेला, आणि हात असा. मी तुम्हाला परत करायला लावलं. पाच वेळा केलंत. एकदाही तीनच्या जवळ आला नाही, पाचही वेळा पावणेदोनशेच्या आसपास. चाळीस वर्षं तुमच्या हाताला खरं माप ठाऊक होतं, फक्त कुणी तोंडाला सांगितलं नव्हतं. माझा आकडा खरा ठरला तो तुमच्या हातामुळं, आणि तुमचा हात किती खरा ते कळलं माझ्या आकड्यामुळं. मला वाटलं, आता तरी म्हणाल, "तुझं बरोबर हाय, पोरी."

तुम्ही माठाकडं गेलात, तांब्याभर पाणी प्यायलात आणि म्हणालात, "टीव्ही बरा हाय."

बस. एवढंच. पुढं महिनाभरानं मी पुन्हा विषय काढला, तर म्हणालात, "लातुरात तीनच हाय."

त्यानंतर दोन वर्षं आपण त्या टीव्हीवर काम केलं आणि एकही काम परत आलं नाही. तुम्ही त्याला शिव्याही दिल्यात, लाईट गेली की त्याच्यावर फडका टाकून काळजीही घेतलीत. सुरुवातीलाच मी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला दोन दिवस निलंग्याला गेले होते, परत येऊन बघते तर आडव्या काचेच्या पट्टीवर ॲल्युमिनियमचं नवं झाकण. लोखंडाचा किस आत जाऊ नये म्हणून. कडा घासून गुळगुळीत, चार स्क्रू एका ओळीत. मी कौतुकानं स्क्रू ड्रायव्हर लावायला गेले तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "ते उघडायचं न्हाई. मी हाय तोवर मीच साफ करीन." मला वाटलं, काच फुटायची भीती असेल.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. गेल्या वर्षी निम्मी कामं मी एकटी करत होते. पण मिलवाले आले की तुम्ही म्हणायचात, "माप पोरगी बघती." माप बघती! शाफ्ट मी करायचा, घाम मी गाळायचा, आणि मी माप बघते. एकदा तरी तुम्ही चारचौघांत म्हणावं, ही टर्नर आहे, एवढीच माझी इच्छा होती. यावर तुमच्याशी कडकडून भांडायचं मी ठरवलंही होतं. मग तुम्ही आजारी पडलात आणि आजारी माणसाशी काय भांडायचं, म्हणून राहिलं. तेच आता नडलंय. मशीन माझं आहे असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मी कधी मागितलं नाही, मग मल्लिनाथला कोणत्या तोंडानं सांगू?

तुम्ही गेल्यावर वीस दिवसांनी रहीमभाई आले. शेडच्या बाहेरच उभे राहिले. "बेटी, मिल बंद पडी है. बुश चाहिए था. किसी और को बोलूँ क्या?" मी म्हणाले, ठेवा इथं. मशीन चालू केलं. घरघर ऐकून आत्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकटीला धरून. टीव्ही लागला आणि तुम्ही शेवटचं बंद करताना होता तोच आकडा आला. मी थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि शून्याचं बटण दाबलं, कारण मिल बंद होती.

"भिंत कितनी?" रहीमभाईंनी विचारलं.

"एक सूत," मी म्हणाले. एमएम तोंडात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी रहीमभाई आले ते रिकाम्या हातानं. परत आणायला काही नव्हतंच. चहा घेतला, उन्हाचं बोलले आणि उठून गेले. त्या रिकाम्या हातांकडं बघून मला केवढं बरं वाटलं ते तुम्हालाच कळेल. पण हेही मी मल्लिनाथला सांगितलं नाही. उद्या मशीन पुसायचं आहे. आत्या म्हणाल्या, "येणाऱ्या माणसाला घाण मशीन दाखवू नको, ह्यांची इज्जत जाईल."

इथवर शुक्रवारी लिहून वही मिटली होती. आज शनिवार, संध्याकाळ.

दुपारी मशीन पुसलं. बिडाला तेल लावलं, शाफ्ट धरणारा चक झळकवला, शेवटी ते झाकण राहिलं. मी हाय तोवर उघडायचं नाही म्हणाला होतात. आता तुम्ही नाही. चार स्क्रू काढले आणि झाकण उलटं केलं.

आत तुम्ही नंबर पंच ठोकला होता. शाफ्टवर ओळखीचे आकडे ठोकायचो, तेच पंच. तीन. मग एक टिंब, ते सेंटर पंचानं केलेलं, कारण आपल्या डबीत शून्य ते नऊ आहेत, पॉइंट नाही. मग एक, सात, पाच. सात थोडा कलंडलाय. बोटानं चाचपून ठोकला असणार.

मी शेडच्या फरशीवर खाली बसले. साखरपुड्याच्या त्या दोन दिवसांत, घरात मी नसताना, तुम्ही हार मानून मोकळे झाला होतात. आणि परत येऊन माझ्याशी दोन वर्षं भांडत राहिलात! मी झाकण मांडीवर घेऊन हसत होते की रडत होते ते मलाही सांगता येणार नाही. आत्या आवाज ऐकून आल्या. पाठोपाठ मल्लिनाथ, नुकताच गाडीतून उतरलेला, खांद्याला बॅग.

आत्यांनी झाकण हातात घेतलं, आकड्यांवरून बोट फिरवलं. "काय हाय हे? तीन, एक, सात..."

"तीन पॉइंट पावणेदोनशे," मी म्हणाले.

आत्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं, परत झाकणाकडं. "मग तुझं नाव हाय की हे. भांड्यावर नाव घालत्यात तसं घातलंय ह्यांनी."

मला तो हिशेब दिसला होता, मामा. नाव आत्यांना दिसलं. लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर आपल्याकडं नाव घालतात, कुणाचं कुणाला हे पुढं विचारायची वेळ येऊ नये म्हणून. तुमच्याकडं अक्षरांचे पंच नव्हते, आकड्यांचेच होते. तुम्ही आहे त्यात भागवलंत.

आत्यांनी झाकण मल्लिनाथच्या हातात दिलं. "मल्ल्या, त्या माणसाला फोन कर अन् येऊ नको म्हण. नाव घातलेलं भांडं कोण इकतंय का?"

मल्लिनाथनं बॅग खाली ठेवली आणि आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाला, "तुला ओझं होईल असं वाटलं गं मला. तू काही बोललीच न्हाईस."

"आता बोलते," मी म्हणाले. "मी टर्नर आहे. मशीन मी चालवणार."

त्यानं तिथंच उभं राहून फोन लावला. मी झाकण पुसून परत बसवलं, चार स्क्रू, एका ओळीत. सोमवारी रहीमभाई पुली घेऊन येणार आहेत.

एवढा अभिमान मला आजवर कशाचा वाटला नाही, मामा. तुमचा, आणि थोडा माझाही. पण एक सांगून ठेवते. सूत म्हणजे किती, हे तुम्ही मान्य केलंत. पहिला बुश कुणामुळं पडला, ते त्या झाकणावर कुठंही ठोकलेलं नाही. "तीन धर" तुम्हीच म्हणाला होतात.

तुमची,
पावणेदोनशे